वाहनावरील जाहिरात : छपाईपूर्वीची सिद्धता

दुकानावरील पाटी एका जागी उभी असते. मालवाहू गाडीवरील पाटी गावोगाव हिंडते. म्हणूनच गाडीच्या अंगावर छापील व्हिनाइलचे आवरण चढविण्याकडे व्यापारी वर्गाचा कल आहे. या कामातील नुकसान पुष्कळदा छपाईयंत्रावर होत नाही. ते त्यापूर्वीच, संगणकावरील रेखाटनात होऊन चुकलेले असते. छापलेले व्हिनाइल पुन्हा कोरे करता येत नाही. सबब काम सोपविणाऱ्या मालकासही या रेखाटनाची मूलतत्त्वे ठाऊक असावीत, या हेतूने आम्ही हे टिपण सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहो.

प्रथम रेखाचित्र व छायाचित्र यांतील भेद ध्यानी घ्यावा. अॅडोबी इलस्ट्रेटर (१९८७) व कोरलड्रॉ (१९८९) यांसारख्या साधनांत रेषा गणिती वक्रांच्या रूपाने साठविली जाते. त्यामुळे भेटपत्रावरील बोधचिन्ह गाडीएवढे मोठे केले तरी त्याची कड स्वच्छ राहते. छायाचित्र मात्र ठिपक्यांचे असते. ३ मीटर, म्हणजे सुमारे ११८ इंच, लांबीच्या बाजूवर दर इंची १०० ठिपके हवे असतील, तर चित्राची रुंदी सुमारे ११,८०० ठिपके असावी लागते. ४,००० ठिपक्यांच्या चित्रास तेथे इंचामागे अवघे ३४ ठिपके मिळतात. दुरून ते खपून जाईल, जवळून अस्पष्ट दिसेल. यास्तव बोधचिन्ह व अक्षरे नेहमी रेखारूपानेच द्यावीत.

दुसरी गोष्ट मापाची. निरनिराळ्या गाड्यांचे तयार आराखडे मिळतात. परंतु त्यांवर सर्वस्वी विसंबू नये. प्रत्यक्ष गाडी फितीने मोजावी आणि दारांच्या फटी, मुठी, इंधनाचे झाकण व दिवे यांची स्थाने आराखड्यात दाखवावीत. नावाचे अक्षर मुठीवर किंवा फटीवर येऊ देऊ नये. सरकते दार उघडल्यावर उरलेल्या अक्षरांतून भलताच शब्द तर होत नाही ना, हेही पाहावे. डावी बाजू उलटवून उजवी करू नये. तसे केल्यास अक्षरेही उलटी होतात.

मोठ्या गाडीचे रेखाटन सामान्यतः एकास दहा या प्रमाणात करतात. ३ मीटरची बाजू पडद्यावर ३० सेंटिमीटर होते. हे प्रमाण फाइलच्या नावातच लिहावे. छायाचित्राची घनता त्याच हिशेबाने दसपट धरावी लागते, म्हणजे प्रत्यक्षातील १०० साठी फाइलमध्ये १,०००. चारी बाजूंस कडा दुमडण्यासाठी ५ ते १० सेंटिमीटर जादा रंग सोडावा. लहान प्रमाणात तो ५ ते १० मिलिमीटर होतो.

तिसरी गोष्ट तुकड्यांची. व्हिनाइलचा प्रचलित गुंडाळा १३७ सेंटिमीटर रुंद असतो. वरील ३ मीटरच्या बाजूस दोन्हीकडे १० सेंटिमीटर जादा धरले, तर ३२० सेंटिमीटर होतात. त्याचे उभे तीन तुकडे केले व दोन सांध्यांवर २-२ सेंटिमीटर एकावर एक चढविले, तर प्रत्येक तुकडा १०८ सेंटिमीटरचा पडतो. पुढचा तुकडा मागच्यावर चढवावा, म्हणजे वाऱ्याने कड उचकटत नाही. सांधा अक्षरावर येणार नाही, अशी योजना रेखाटनातच असावी.

अक्षरांविषयी विशेष सावधगिरी हवी. देवनागरी, कन्नड वा तेलुगू मजकूर ज्या टंकात लिहिला, तो टंक छापखान्याच्या संगणकावर नसेल तर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या स्थान सोडतात. म्हणून मजकूर वाचून तपासल्यावर तो वक्ररेषांत रूपांतरित करावा. असे केल्यावर शब्द दुरुस्त करता येत नाही. यासाठी मूळ प्रत निराळी जपून ठेवावी. अक्षरांच्या उंचीसाठी पाटीकारांचा ठोकताळा असा की, सहज वाचण्याच्या दर दहा फूट अंतरामागे एक इंच. पन्नास फुटांवरून दूरध्वनी क्रमांक वाचला जावा असे वाटत असेल, तर अंक निदान पाच इंचांचे हवेत.

पडद्यावरील रंग प्रकाशाचा असतो, छपाईतील शाईचा. भडक हिरवा वा केशरी पडद्यावर झळकतो तसा चार शाईंत उतरत नाही. त्याच व्हिनाइलवर लहानसा नमुना छापवून घ्यावा व तो उन्हात पाहावा. वळणदार अंगासाठी कास्ट जातीचे व्हिनाइल घ्यावे. सपाट पेटीस कॅलेंडर्ड चालते.

शेवटी कायद्याची मर्यादा. क्रमांकाची पाटी, दिवे व परावर्तक पट्ट्या झाकू नयेत. काचांवर चित्र घेऊ नये. नोंदणीपत्रात गाडीचा रंग नमूद असतो. सर्व अंग झाकावयाचे असल्यास परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी.

छपाईची आज्ञा देण्यापूर्वी अंतिम नमुना कागदावर काढून घरातील दोघांनी निरनिराळा वाचावा, क्रमांक प्रत्यक्ष फिरवून पाहावा आणि मगच सही करावी. पेढीचे नाव गाडीबरोबर वर्षानुवर्षे फिरणार आहे. ते शुद्ध व सुवाच्य असावे, एवढी दक्षता मालकाच्याच हाती आहे.