थरथर नेमकी सत्तरच्या पुढेच का?

प्रश्न : आमची जुनी डिझेल पिकअप टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारात जाते. पुढेमागे पाटेच आहेत. रिकामी परतताना ७० ओलांडले की स्टेअरिंग हातात थरथरतं आणि ९० ला पुन्हा शांत होतं. माल भरलेला असला की त्रास नाही. अलाइनमेंट दोनदा केली, टायरॉड एंड बदलले, काही फरक नाही. गाडी ठरावीक वेगालाच का थरथरते? दोष शोधायचा कुठून?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : आधी भरलेल्या गाडीचं पाहू. माल असताना तुम्ही ती ७५ ने पळवता का? बहुधा नाही. मग वजनामुळे त्रास थांबतो असं नाही, तो वेगच येत नाही.

पिकअपच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १० वेळा फिरतं. रिमच्या कडेला एका बाजूला ५० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे ४ किलोच्या जोराने बाहेर खेचतं, आणि चाक फिरेल तशी त्या ओढीची दिशाही फिरते. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ला तो जेमतेम किलोभर असतो, म्हणून गावात काही जाणवत नाही.

मग ९० ला थरथर वाढायला हवी, ती कमी का होते? पुढचा ॲक्सल, टायर आणि पाटे यांना मिळून हलण्याची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण १० ते १५ हेलकाव्यांची. चाकाचे हिसके त्या लयीला जुळले की, वेळ साधून ढकललेल्या झोपाळ्यासारखी, थोड्या जोरातही थरथर वाढत जाते. वेग आणखी वाढला की जुळणी मोडते. दोष तिथेच असतो, फक्त तो हाताला कळत नाही.

म्हणजे शोधायच्या गोष्टी दोन : हादरा देणारी आणि तो वाढवून स्टेअरिंगपर्यंत पोचवणारी. टायरॉड एंड, बुश, किंगपिन हे बहुतेक दुसऱ्या गटातले. ते ढिले असतील तर बदलायलाच हवेत, पण हादरा चाकातून येत असेल तर तो राहतोच. तुमचं तेच झालेलं दिसतं. अलाइनमेंटचाही इथे फारसा संबंध नाही. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. थरथर सहसा तिची नसते.

आता रस्त्यावरची तपासणी. मोकळा सरळ रस्ता पाहून ७५ ला गाडी न्यूट्रल करा. चावी मात्र बंद करू नका. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनचा किंवा त्याच्या माउंटिंगचा नाही. थरथर हातात आहे की बुडाखाली, तेही बघा. हातात असेल तर पुढची चाकं. सीटखाली बारीक गुणगुण असेल तर प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग. शाफ्ट चाकाच्या चौपट-पाचपट फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक असते. फक्त ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर डिस्क किंवा ड्रम बघा.

मग चाकं. रिमच्या आतल्या बाजूला शेतातला चिखल वाळून बसलेला असतो, तो खरवडून काढा. बॅलन्सिंगची शिशाची वजनं गळून पडली आहेत का पाहा. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे टाका. थरथर हातातून सीटखाली गेली तर दोष चाकात आहे हे पक्कं. बॅलन्सिंग करूनही फरक नसेल, तर चाक जॅकवर उचलून टायरच्या नक्षीजवळ एक काठी स्थिर धरा आणि चाक हळू फिरवा. मधली फट कमीजास्त होत असेल तर टायर वेडावाकडा झालाय किंवा रिम वाकलाय. अशा चाकाला मशीनवर शून्य आलं तरी ते रस्त्यावर उड्या मारणारच. नट आवळताना समोरासमोरचे आवळा आणि ड्रम-रिमच्या मधली घाण पुसा.

चाक वर असतानाच ते वरखाली धरून हलवा. खडखड आली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड थांबली तर बेअरिंग सैल आहे. राहिली तर किंगपिन. डावीउजवीकडे धरून हलल्यास टायरॉड एंड आणि ड्रॅग लिंक. बेअरिंगमध्ये खेळ असताना केलेलं बॅलन्सिंग फुकट जातं, म्हणून बेअरिंग आधी.

एक प्रकार मात्र वेगळा आणि धोक्याचा. खड्ड्यात चाक आदळल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे जोरात फेकायला लागलं आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत शांत झालं नाही, तर ते वॉबलिंग. झिजलेले किंगपिन, सैल यू-बोल्ट, ढिला स्टेअरिंग बॉक्स ही त्याची नेहमीची कारणं. जादा मालासाठी मागे पान वाढवलं असेल तर तेही तपासा. मागची बाजू उचलली गेली की पुढचा ॲक्सल किंचित पुढे झुकतो, किंगपिनचा मागे असलेला कल कमी होतो आणि चाकं आपसूक सरळ राहण्याचा गुण गमावतात. रिकाम्या गाडीत हे जास्त जाणवतं. वॉबलिंग होणारी गाडी दुरुस्तीआधी हायवेवर काढू नका.

तुमची लक्षणं मात्र साध्या चाकाच्या असमतोलाची आहेत. चिखल, चाकांची अदलाबदल, बेअरिंग, बॅलन्सिंग या क्रमाने जा. पुढचा कुठलाही सुटा भाग विकत घेण्याआधी तो हातात धरून त्याचा खेळ मेकॅनिकला दाखवायला सांगा.