गोळ्यांचा त्रास बघायला बॉलपेन कशाला?

प्रश्न : माझ्या दादाला कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू आहेत. पहिल्याच डोसनंतर लघवी लाल झाली, आता कातडी काळवंडली आहे. दर महिन्याला आरोग्य केंद्रातल्या ताई त्याला डोळे मिटायला लावून तळहाताला-तळपायाला बॉलपेन लावतात. औषध बाधतंय का, हे पेनानं कसं कळणार? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : पेनानं ते कळतच नाही. ताई बघतात ते वेगळंच.

आधी रंगांचं बघू. लघवी लाल होते ती महिन्यातून एकदा समोर बसवून देतात त्या रिफॅम्पिसिनमुळे. दिवसभरात ती पूर्ववत होते. काळवंडणं क्लोफॅझिमिनचं, औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू उतरतो. दोन्ही दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी.

नजर ठेवायची ती रोजच्या डॅप्सोनवर. नेऱ्याचं शांतिवन, कुष्ठरुग्णांसाठीची संस्था, तुम्हा पनवेलकरांना माहीत असेलच. ते उभं राहिलं त्या काळी मुख्य भिस्त याच एका गोळीवर होती आणि ती वर्षानुवर्षं, कित्येकदा जन्मभर घ्यावी लागे. जंतू तिला दाद देईनासे झाले, तेव्हा 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायला सांगितलं. त्यामुळे उपचार सहा किंवा बारा महिन्यांवर आले. डॅप्सोननं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असतं, त्यांना हा धोका फार. म्हणून हिमोग्लोबिन बघतात. दुसरा त्रास क्वचित होतो, पण जिवावर बेततो : साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात ताप, अंगभर पुरळ, गाठी, कावीळ. असं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता पेन. ताई ते टोचत नाहीत. कातडीला जरासा खळगा पडेल इतपत टेकवतात आणि दादा डोळे मिटून त्या जागेवर बोट ठेवतो. गेल्या महिन्यात बरोबर दाखवलेली जागा या महिन्यात चुकली, तर नस सुजते आहे असं समजायचं. याला ‘रिॲक्शन’ म्हणतात. नाव फसवं आहे. ही गोळ्यांची ॲलर्जी नव्हे, शरीराची जंतूंशी चाललेली झटापट असते, आणि ती गोळ्या संपल्यावरही उद्भवू शकते. नेमक्या इथेच लोक घाबरून गोळ्या सोडतात. खरं तर गोळ्या चालूच ठेवायच्या आणि जोडीला नसेची सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन सुरू करायचं. उशीर झाला तर बोटं कायमची वाकडी होतात. महागडं यंत्र नसलेल्या आरोग्य केंद्रातही ही तपासणी होते, हे मला तिचं मोठं बळ वाटतं.

तेव्हा दादाची मासिक फेरी चुकवू देऊ नका. औषधाचा त्रास झाल्याचा संशय आला, तर रुग्ण किंवा घरचे स्वतःही तो राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे नोंदवू शकतात. निःशुल्क क्रमांक : 1800-180-3024.