सरबतातील इलेक्ट्रॉनांची मोजदाद

चमचाभर लिंबाच्या रसात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकून पाहा. थेंबाचा तांबूस रंग लगेच नाहीसा होतो. (हा रस अर्थातच पिऊ नये!) रसातील क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, आयोडीनला इलेक्ट्रॉन देते आणि त्याचे रंगहीन आयोडाइड बनते. असे सहजासहजी इलेक्ट्रॉन देऊन टाकणारे पदार्थ म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक किंवा अँटिऑक्सिडंट. चहातील कॅटेचिने व कोकमातील लाल रंगद्रव्ये याच जातीची.

किती थेंबांचा रंग गेला यावरून जीवनसत्त्वाचे प्रमाण काढता येते. पण हीच युक्ती कोकमाच्या सरबतावर कशी चालावी? मुळातच लाल असलेल्या द्रवात रंग गेला की राहिला, हे डोळ्यांना कळत नाही. येथे विद्युत्-रासायनिक संवेदक उपयोगी पडतो. त्याला रंगाशी कर्तव्य नसते. तो इलेक्ट्रॉनच मोजतो.

पेयात तीन विद्युत् अग्रे बुडवतात. मुख्य अग्र बहुधा कर्बाचे असते. दुसऱ्याच्या तुलनेने विद्युत् दाब मोजतात, तर तिसऱ्यामुळे मंडल पूर्ण होते. मुख्य अग्राचा धन दाब हळूहळू वाढवत नेला, की आरंभी प्रवाह जवळजवळ नसतोच. विशिष्ट दाबाला रेणू इलेक्ट्रॉन देऊ लागतात व प्रवाह चढतो. पण दाब आणखी वाढवला तर तो चक्क उतरतो! ओहमचा नियम पाठ असलेल्यांना हे खटकेल. कारण साधे आहे : अग्राजवळचे रेणू संपतात आणि दूरचे सावकाश येतात. आलेखावर असे शिखर उमटते. ते कोठे आहे यावरून पदार्थाचा अंदाज येतो, उंचीवरून प्रमाण समजते. प्रवाह व दाब यांच्या आलेखावरून पृथक्करण करण्याची पद्धत हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये शोधली. १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

थोडे गणित करू. ॲस्कॉर्बिक आम्लाचा रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो. म्हणून १७६ ग्रॅम आम्लापासून २ × ९६,५०० कुलंब, म्हणजे १ मिलिग्रॅमपासून सुमारे १.१ कुलंब विद्युत् भार मिळतो. संवेदकात मात्र अग्रापर्यंत पोचलेले थोडेच रेणू मोजले जातात. त्यामुळे आधी ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांची शिखरे मोजून तुलना करावी लागते.

अडचणीही आहेत. दोन पदार्थांची शिखरे जवळ आली तर एकमेकांत मिसळतात. चहातील कॅटेचिने तर अग्रावर पापुद्रा धरतात आणि पुढचे मापन कमी येते. म्हणून अग्र घासून स्वच्छ करतात किंवा रक्तशर्करा मापकाच्या पट्टीसारखी, एकदा वापरून टाकण्याची पट्टी घेतात. शिवाय हा आकडा पेल्यातील द्रवाचा असतो. ते पेय शरीरात गेल्यावर काय करील, हे त्यावरून ठरत नाही. बाटलीवरील जाहिरात वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

लिंबाचा ताजा रस आणि काही तास उघडा ठेवलेला रस यांना आयोडीनचे किती थेंब लागतात, ते शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजा. थोडी भाताची पेज घातली, तर निळा रंग टिकताच थांबता येईल.