समूहसहलीसाठी मोठ्या जहाजाची निवड

व्यापार आणि समुद्र यांचा संबंध आपल्या समाजास नवा नाही. ज्ञाताधर्मकथा या आगमग्रंथात चंपानगरीच्या अर्हन्नक श्रावकाची कथा आहे. इतर व्यापाऱ्यांसमवेत तो समुद्रमार्गे निघाला असता एका देवाने पिशाचरूप धारण करून त्यास व्रतभंग करण्यास सांगितले, अन्यथा जहाज बुडविण्याचा धाक घातला. अर्हन्नक ढळला नाही, आणि जहाजही तरले. आज पेडणे-डिचोलीच्या व्यापाऱ्यासमोर असे पिशाच उभे राहत नाही. गुळगुळीत कागदावरील रंगीत माहितीपत्रक मात्र येते, आणि त्याने घेतलेली परीक्षाही काही सोपी नसते.

वर्षभर चांगली विक्री करणाऱ्या विक्रेत्यांस व अडत्यांस पेढीच्या खर्चाने सहलीस नेण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. व्यापारी मंडळेही सभासदांस सहकुटुंब नेतात. वस्तुतः समूहप्रवास ही आपली जुनीच रीत होय. तेराव्या शतकात मंत्री वस्तुपालाने शत्रुंजय व गिरनार येथे मोठे यात्रासंघ नेले. संघवी हे आडनाव त्याच परंपरेची खूण आहे. संघपतीचा मोठेपणा त्याच्या रथावरून ठरत नसे. मागे राहिलेला वृद्ध यात्रेकरू मुक्कामी पोहोचला की नाही, यावरून ठरे. जहाज निवडतानाही आम्हांस हीच कसोटी योग्य वाटते. जहाज किती मोठे, हा पहिला प्रश्न नव्हे. आपल्या संघातील सर्वांत अशक्त मनुष्य त्यावर सुखाने राहील काय, हा पहिला प्रश्न होय.

१. मोठेपणाचे माप

जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ म्हणजे त्याचे वजन, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. हे माप जहाजातील बंदिस्त जागेचे, म्हणजे घनफळाचे असते. या आकड्यास प्रवासीसंख्येने भागले असता माणशी किती जागा मिळते याचा अंदाज येतो. मुंबईहून २०२१ पासून फेऱ्या करू लागलेल्या ‘एम्प्रेस’ जहाजाचे माप ४८,५६३ आहे. एका खोलीत दोघे या हिशेबाने प्रवासी सुमारे १,६०० धरले, तर भागाकार ३० येतो. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून प्रथम निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे माप २,४८,६६३ व प्रवासी ५,६१० आहेत, भागाकार सुमारे ४४. म्हणजे जहाज पाचपट मोठे, पण माणशी जागा दीडपटच. शिवाय एका खोलीत तिघे-चौघे घातले की हा भागाकार घटतो. ज्या जहाजावर चालणे फार, त्यावर गुडघेदुखीच्या माणसास उद्वाहनाजवळची खोली आधीच मागून घ्यावी. समुद्र लागणाऱ्यांस मध्यभागातील खालच्या मजल्यावरील खोली द्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात.

२. बंदर व ऋतू

डिचोलीच्या लोकांनी खनिज वाहून नेणारे बार्ज मांडवीतून मुरगावकडे जाताना वर्षानुवर्षे पाहिले आहेत. त्याच मुरगाव बंदरात पर्यटन-जहाजेही लागतात. मात्र पश्चिम किनाऱ्यावरील अशा अनेक सहली मुंबईहून सुटतात व गोवा हे त्यांतील एक ठिकाण असते. आगगाडीने मुंबईस जाऊन तेथून गोवा पाहण्यास येणे आमच्या मंडळीस शोभणारे नाही! तेव्हा सहलीतील बंदरांची यादी प्रथम वाचावी. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज धक्क्यास लागत नाही, प्रवाशांस लहान होड्यांतून किनाऱ्यास जावे लागते. वृद्धांस ते जमेल काय, हे विचारावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि तोच आपला चातुर्मास. सबब कार्तिकानंतरचा काळ दोन्ही दृष्टींनी योग्य.

३. पंगत

‘जैन भोजन मिळेल’ एवढ्या आश्वासनावर विसंबू नये. कंदमूळ वर्ज्य करणे स्वयंपाक्यास समजते. रात्रिभोजनत्याग समजतोच असे नाही. डिसेंबरात गोव्याकडे सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, आणि जहाजावरील रात्रीची पंगत बहुधा त्यानंतरच मांडली जाते. सूर्यास्तापूर्वी भोजन, उकळलेले पाणी, स्वतंत्र भांडी, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. मद्य व जुगार यांची दालने जहाजावर असतातच. म्हणून आपल्या मंडळीच्या सभेसाठी व भक्तिगीतांसाठी वेगळे सभागृह ठराविक वेळी राखून ठेवावे.

४. खोल्यांची वाटणी

खिडकी नसलेली आतली खोली, खिडकीची खोली व सज्जाची खोली असे दर चढत जातात. मालकाने सज्जात बसावे आणि ज्यांच्या श्रमांनी विक्री वाढली त्या विक्रेत्यांस आतल्या खोल्यांत घालावे, हे बक्षीस नव्हे. आमच्या मते सर्वांस एकाच प्रतीच्या खोल्या द्याव्यात, आणि तेवढा पैसा नसेल तर दिवस कमी करावेत. दर बहुधा खोलीत दोघे धरून सांगितलेला असतो. एकट्या माणसाचा भार, कर, बंदरशुल्क व सेवाशुल्क वेगळे आहेत काय, हे पाहून मगच एकूण बेरीज करावी.

५. सुरक्षितता व करार

१७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येस, मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणपट्टी ते विसरलेली नाही. पुढे १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रचंड जहाज खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्यानंतर, १ जानेवारी २०१५ पासून, जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रवाशांची संकटकालीन कवायत घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले. संघप्रमुखाने आपली माणसे मोजून या कवायतीस उभी करावीत; फराळ त्यानंतर.

जानेवारी २०२२ मध्ये मुरगावास आलेल्या एका जहाजावरील सुमारे २,००० लोकांपैकी ६६ जण कोरोनाबाधित आढळले आणि सहल मोडून जहाज मुंबईस परतले. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेली ‘कर्णिका’ जहाजाची सेवा २०२० मध्ये बंद पडली व जहाज भंगारात निघाले. म्हणून सहल रद्द झाल्यास रक्कम केव्हा व किती परत मिळेल, हे करारात स्पष्ट असावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. ज्येष्ठांचा वैद्यकीय विमा उतरवावा.

डिचोली तालुक्यात कुडणे व नार्वे येथे जैन वास्तूंचे अवशेष आजही आहेत. जेथे व्यापार नेला तेथे आपल्या पूर्वजांनी धर्मही नेला, याची ती साक्ष होय. आम्हीही जहाजावर चढताना तेवढेच करावे. सहलीहून परतल्यावर ज्येष्ठ मातोश्रींनी ‘व्रत सांभाळले गेले’ असे म्हणावे, आणि दुकानातील मुनिमाने ‘मला कोणी धाकटा मानले नाही’ असे म्हणावे. जहाजाची निवड बरोबर ठरली, हे त्यावरून ओळखावे.