हिशेबातील उणीव : न्यूट्रिनोच्या शोधाचा एक पाठ

पाठ्यपुस्तके विज्ञानाचे निष्कर्ष देतात. त्या निष्कर्षांपर्यंत पोहोचताना माणसांना किती वर्षे अनिश्चिततेत काढावी लागली, हे सांगावयास त्यांना जागा नसते. न्यूट्रिनो या मूलकणाला शालेय पुस्तकात फार तर दोन-तीन ओळी मिळतात. पण त्या ओळींमागे सुमारे शंभर वर्षांचा शोध उभा आहे. हिशेब जुळत नाही तेव्हा विचारी माणसाने कसे वागावे, याचा इतका स्वच्छ पाठ विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडतो. म्हणून तो आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हरवलेली ऊर्जा

काही अणूंची केंद्रके अस्थिर असतात. अशा केंद्रकातील एका न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होते आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर पडतो. या क्रियेला बीटा क्षय म्हणतात. क्षयापूर्वीचे केंद्रक आणि क्षयानंतरचे केंद्रक यांच्या ऊर्जेतील फरक ठरलेला असतो. तेव्हा बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनची ऊर्जाही ठरलेलीच असावी, अशी अपेक्षा होती. १९१४ मध्ये जेम्स चॅडविक यांनी ती मोजली, तेव्हा वेगळेच दिसले. काही इलेक्ट्रॉन मंद होते, काही वेगवान, आणि मधल्या सर्व ऊर्जांचेही होते.

हे एका उदाहरणाने समजून घेऊ. दोन भावांमध्ये ठरलेली रक्कम ठरलेल्या नियमाने वाटली, तर थोरल्याचा वाटा प्रत्येक वेळी सारखाच येईल. तो दर वेळी निराळा येत असेल, तर एक तर रक्कम मध्येच कोठे गळते आहे, किंवा वाटणीत कोणी तिसरा आहे.

गळतीची शक्यता १९२७ मध्ये चार्ल्स एलिस आणि विल्यम वूस्टर यांनी तपासली. त्यांनी बीटा क्षय होणारा बिस्मथ बंदिस्त पात्रात ठेवून त्यातून निघणारी एकूण उष्णता मोजली. इलेक्ट्रॉन वाटेत ऊर्जा गमावत असता, तर ती पात्रातच सापडली असती आणि दर क्षयामागे सुमारे साडेदहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरले असते. प्रत्यक्षात भरले सुमारे साडेतीन लाख. उरलेली ऊर्जा पात्राच्या भिंती ओलांडून निघून गेली होती.

पाउली यांचे पत्र

आता दोनच वाटा उरल्या. नील्स बोर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने, अणुकेंद्रकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम केवळ सरासरीने पाळला जात असावा, असे सुचविले. वोल्फगांग पाउली यांना ते पटले नाही. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी ट्युबिंगेन येथे जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिले आणि वाटणीतील तिसरा भागीदार सुचविला : विद्युतभार नसलेला, अतिशय हलका, कोणाला न दिसणारा कण. हा निरुपायाने काढलेला तोडगा आहे, हे त्यांनी पत्रातच मान्य केले होते. पुढे एन्रिको फर्मी यांनी या कणाला धरून बीटा क्षयाचा संपूर्ण सिद्धांत रचला आणि न्यूट्रिनो हे नाव रूढ केले.

कण सुचविणे सोपे, दाखविणे कठीण. न्यूट्रिनो द्रव्याशी इतका क्वचित संबंध ठेवतो, की पृथ्वी त्याला जवळजवळ नसल्यासारखीच आहे. अखेर १९५६ मध्ये फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतील सॅव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ त्याच्या खुणा पकडल्या. पाउली त्या वेळी हयात होते. त्यांना तारेने ही वार्ता कळविण्यात आली. कल्पना आणि पुरावा यांत २६ वर्षांचे अंतर पडले.

सूर्याची भट्टी

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान आहे. तेथे हायड्रोजनची चार केंद्रके टप्प्याटप्प्याने एकत्र येऊन हेलियमचे एक केंद्रक बनते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन या भट्टीत पडतो आणि त्यातील सुमारे ४० लाख टन वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते. या क्रियेत दोन प्रोटॉनांचे न्यूट्रॉन व्हावे लागतात. हा बीटा क्षयाचाच उलटा प्रवास होय. म्हणून हेलियमच्या प्रत्येक केंद्रकामागे दोन न्यूट्रिनो जन्मास येतात.

गाभ्यात निर्माण झालेली प्रकाशऊर्जा थरांमागून थर ओलांडीत पृष्ठभागापर्यंत येण्यास हजारो वर्षे घेते. न्यूट्रिनो मात्र दोन-तीन सेकंदांत सूर्याबाहेर पडतो आणि सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. आपल्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटीमीटर जागेतून दर सेकंदाला सुमारे ६५०० कोटी सौर न्यूट्रिनो आरपार जातात. रात्रीही ते येतातच. पृथ्वीच्या पोटातून, पायांखालून. सूर्याच्या भट्टीची आजची खबर द्यावी तर त्यांनीच.

एक तृतीयांशाचे कोडे

ही खबर ऐकण्याचा निश्चय रेमंड डेव्हिस यांनी केला. दक्षिण डकोटातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटरवर, त्यांनी ६०० टनांहून अधिक क्लोरीनयुक्त द्रव भरलेली टाकी बसविली. कपड्यांच्या ड्राय-क्लीनिंगला वापरतात तोच हा द्रव. एखाद्या न्यूट्रिनोने क्लोरीनच्या अणूला गाठले, तर त्याचा किरणोत्सारी अरगॉन होतो. टाकीतून हेलियम वायू फिरवून हे मोजके अरगॉन अणू गोळा करावयाचे आणि मोजावयाचे, अशी पद्धत. दोन दिवसांत सरासरी एक अणू, असा तो हिशेब होता.

१९६८ मध्ये पहिले निष्कर्ष आले. जॉन बाकॉल यांनी सूर्याच्या सिद्धांतावरून जो आकडा काढला होता, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच न्यूट्रिनो सापडत होते. स्वाभाविकपणे अनेकांना वाटले, की प्रयोगात चूक आहे. डेव्हिस रागावले नाहीत. त्यांनी मोजके अरगॉन अणू मुद्दाम टाकीत सोडून ते परत मिळतात की नाही, हे तपासले, ते मिळाले. दुसऱ्या काहींना वाटले, की बाकॉल यांचे गणित चुकले आहे. त्यांनीही ते पुनःपुन्हा तपासले, आणि सूर्याच्या पृष्ठभागावरील कंपनांच्या अभ्यासाने पुढे त्यांच्या सिद्धांतास बळकटीच दिली. प्रयोग १९९४ पर्यंत चालला. पाव शतकाहून अधिक काळ आकडा एक तृतीयांशाच्या आसपासच राहिला.

कोलारच्या खाणीत

या इतिहासात आपल्या देशाचेही एक पान आहे, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्सच्या खोल खाणींत विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते. खोल गेल्यावर वरच्या खडकाने इतर कण अडविले जातात आणि न्यूट्रिनोसाठी शांतता मिळते. जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह त्यांनी सुमारे २३०० मीटर खोलीवर उपकरणे लावली. १९६५ मध्ये तेथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीतही त्याच सुमारास तसाच पुरावा मिळाला. जगात वातावरणीय न्यूट्रिनोचे हे पहिले दर्शन.

ज्या विवरांतून ही उपकरणे खाली गेली, ती कोणी खोदली, हेही आपण विसरू नये. कोलारचे बहुसंख्य खाणकामगार तामिळ होते, आणि त्यांतील फार मोठा भाग जातिव्यवस्थेने अस्पृश्य ठरविलेल्यांचा होता. पंडित अयोथी दास यांनी १८९८ मध्ये मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघाचे कार्य सुरू केले, तेव्हा कोलारच्या मारिकुप्पम येथील कामगारवस्तीतही त्याची शाखा निघाली. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या अर्धशतक आधी बुद्धाचे नाव घेणाऱ्या श्रमिकांच्या पिढ्या या भूमीवर नांदल्या आहेत. ज्ञानाच्या इमारतीत त्यांच्या घामाचा दगड आहे. त्यांच्या नातवंडांनी त्या इमारतीत संशोधक म्हणून वावरावे, हा आपल्या शिक्षणाचा हेतू आहे.

रूप बदलणारा कण

न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात : इलेक्ट्रॉनशी, म्युऑनशी आणि टाऊशी नाते असलेले. सूर्यात केवळ पहिल्या प्रकारचे निर्माण होतात आणि डेव्हिस यांची टाकी तेवढेच ओळखीत असे. ब्रुनो पाँटेकोर्वो यांनी फार पूर्वीच शंका काढली होती, की न्यूट्रिनो प्रवासात रूप बदलत असतील. तसे असेल, तर सूर्याचे न्यूट्रिनो नाहीसे झालेले नसून वेगळ्या रूपात येथे पोहोचत आहेत.

१९९८ मध्ये जपानच्या कामिओका येथील जस्ताच्या खाणीतील ५०,००० टन पाण्याच्या शोधकाने वातावरणीय न्यूट्रिनोंचे रूपांतर दाखविले. कोलारला प्रथम दिसले ते याच जातीचे. पाठोपाठ कॅनडातील सडबरी येथे, निकेलच्या खाणीत दोन किलोमीटर खोलीवर, १००० टन जड पाणी वापरून दोन स्वतंत्र मोजण्या झाल्या : एकीत केवळ पहिल्या प्रकारचे सौर न्यूट्रिनो, दुसरीत तिन्ही प्रकारांची बेरीज. २००१ आणि २००२ च्या निष्कर्षांनी कोडे सुटले. पहिल्या प्रकारचे सुमारे एक तृतीयांश भरले; बेरीज सूर्याच्या सिद्धांताशी जुळली. डेव्हिस बरोबर होते आणि बाकॉलही बरोबर होते. डेव्हिस यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वीकारताना त्यांचे वय ८८ होते. २०१५ चे पारितोषिक ताकाकी काजिता आणि आर्थर मॅक्डोनाल्ड यांना मिळाले.

मग चूक कोठे होती? न्यूट्रिनोला वस्तुमान नाही, असे गृहीत धरले गेले होते. वस्तुमान नसलेला कण प्रकाशाच्या वेगाने जातो आणि त्याच्यापुरता काळ पुढे सरकत नाही. काळ नाही, तर बदलही नाही. न्यूट्रिनो बदलतो, त्या अर्थी त्याला वस्तुमान आहे.

वस्तुमान किती?

रूपांतरावरून वस्तुमानांतील फरक समजतो, प्रत्यक्ष वस्तुमान समजत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ पुन्हा बीटा क्षयाकडेच वळले. न्यूट्रिनोला वस्तुमान असेल, तर वाटणीत त्याचा किमान वाटा राखून ठेवावा लागेल, आणि इलेक्ट्रॉनला मिळू शकणारी कमाल ऊर्जा तेवढीच घटेल. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील कॅट्रिन प्रयोगात ट्रिटियमच्या क्षयातील ही कमाल मर्यादा मोजली जाते. त्याचे २०० टनांचे मुख्य पात्र सुमारे ४०० किलोमीटरवरील गावात तयार झाले, पण रस्त्यावर मावत नसल्यामुळे २००६ मध्ये डॅन्यूब नदी, काळा समुद्र, भूमध्य समुद्र, अटलांटिक आणि ऱ्हाईन असा सुमारे ९००० किलोमीटरचा वळसा घालून आणावे लागले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार न्यूट्रिनोचे वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. नेमका आकडा अजून हाती यावयाचा आहे.

घ्यावयाचा बोध

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका. धम्माला एहिपस्सिको म्हणतात : या आणि पाहा. याचा अर्थ न्यूट्रिनो बुद्धांना ठाऊक होता असा कोणी घेऊ नये. तसा दावा धम्माला कमीपणा आणतो आणि विज्ञानालाही. साम्य आहे ते वृत्तीचे. बोर मोठे म्हणून पाउली गप्प बसले नाहीत. आकडा गैरसोयीचा म्हणून डेव्हिस यांनी तो लपविला नाही किंवा लोकांना रुचेल असा केला नाही. प्रज्ञेला शीलाची जोड हवी, असे बाबासाहेब आवर्जून सांगत. प्रयोगशाळेत त्या शीलाचे नाव आकड्याशी इमान असे आहे.

दुसरा बोध अधिक सूक्ष्म आहे. दोन प्रामाणिक माणसांचे हिशेब जुळत नाहीत, तेव्हा त्यांपैकी एक खोटा असलाच पाहिजे असे नाही. दोघांनीही न तपासलेले एखादे गृहीत मध्ये दडलेले असू शकते. घरात, संस्थेत, समाजात किती वाद या एका जाणिवेने मिटतील, याचा वाचकांनीच विचार करावा.

पालकांना आमची विनंती एवढीच. मुलाने एखादा अडचणीचा प्रश्न विचारला, पुस्तकातला हिशेब जुळत नाही असे म्हटले, तर त्याला गप्प करू नका. त्याच्यासोबत बसून तो हिशेब पुन्हा मांडा. उत्तर त्याच दिवशी मिळेल असे नाही. पाउली यांना २६ वर्षे वाट पाहावी लागली आणि डेव्हिस यांना त्याहूनही अधिक. प्रश्न मात्र जिवंत राहिला पाहिजे.