इन्सुलिनची सवय लागते का?

प्रश्न : वडिलांची साखर गोळ्यांनी आवरत नाही, वजनही घटते आहे. सवय लागेल म्हणून ते इन्सुलिन टाळतात. काय करावे?
— एक वाचक, धारणी

उत्तर : इन्सुलिनची सवय लागत नाही, टाइप टू मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिननिर्मितीच वर्षागणिक मंदावत असल्याने गोळ्या अपुऱ्या पडतात, आणि वजन घटत असताना इंजेक्शन लांबवणे आपल्या वडिलांच्या हिताचे नाही. डॉक्टर बहुधा रात्रीच्या एका इंजेक्शनने, सुमारे १० युनिटांनी, आरंभ करतात; पुढे काहींची मात्रा कमीही होते. मात्र उपचार ठरवताना पाहिला जाणारा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, आपल्याकडे मेळघाटात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकारामध्ये फसवा ठरतो, म्हणून सिकलसेलचीही तपासणी उपजिल्हा रुग्णालयात करून घ्यावी. इन्सुलिनमुळे रक्तातील साखर फार उतरून घाम, थरथर सुटताच साखर खावी. फ्रीज नसल्यास इन्सुलिनची कुपी ओलसर मडक्यात, पाणी न लागता, ठेवावी.