गाजरगवत आणि हंगामी शिंका

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कित्येक शेतकऱ्यांस श्रावणापासून दिवाळीपर्यंत दर वर्षीं शिंकांचा त्रास होतो. पावसाळ्याची सर्दी म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्यांत येतें. परंतु नेमक्या त्याच महिन्यांत येणारा व आठवडेच्या आठवडे टिकणारा हा त्रास पुष्कळदां परागांचा विकार असतो. याचें कारण गवताचे पराग होत, हें मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनीं स्वतःच्याच नाकावर व त्वचेवर प्रयोग करून इ. स. १८७३ मध्यें दाखवून दिलें.

आपल्याकडे या विकाराचें एक मुख्य कारण गाजरगवत होय. हें मूळचें अमेरिका खंडांतील असून भारतांत त्याकडे प्रथम लक्ष वेधलें गेलें तें १९५५ सालीं पुण्यास. आज मराठवाड्यांतील बांध, पडीक रानें व रस्त्यांच्या कडा त्यानें व्यापल्या आहेत.

ओळख :— सर्दींत अंग मोडून येतें, कधीं कसर असते, शेंबूड दाट होतो व आठ-दहा दिवसांत आराम पडतो. परागांच्या विकारांत ताप नसतो. डोळे, नाक व टाळू खाजतात, एकामागून एक शिंका येतात आणि नाकांतून पाणी वाहतें. शंका असल्यास एका वहींत तारीख, त्या दिवशीं केलेलें काम व झालेला त्रास लिहून ठेवावा. बांधावर गेल्यानें त्रास वाढत असल्यास परागांचा, व सोयाबीनच्या मळणीच्याच दिवशीं वाढत असल्यास त्या धुळीचा संशय घ्यावा. ही वही डॉक्टरांस दाखवावी. ते त्वचेची चाचणी करून कारण शोधूं शकतात.

उपाय :— कामाच्या वेळीं नाकातोंडास फडकें बांधावें. घरीं येतांच स्नान करून कपडे बदलावे, व उकळून निवविलेल्या पाण्यांत थोडें मीठ घालून त्यानें नाक धुवावें. डॉक्टरांनीं दिलेला नाकांतील स्टिरॉइडचा फवारा हंगामापूर्वींच सुरू करून रोज घेतल्यास अधिक गुण येतो. नाक मोकळें करणारे थेंब पांच दिवसांहून अधिक घालूं नयेत. त्यानें नाक उलट चोंदतें. ॲलर्जीच्या कांहीं गोळ्यांनीं झोंप येते. त्या घेऊन ट्रॅक्टर वा मळणीयंत्र चालवूं नये. धाप लागूं लागली किंवा छातींत शिटीसारखा आवाज येऊं लागला, तर तो दमा असूं शकतो. तेव्हां दवाखान्यांत जाण्यास एक दिवसही लावूं नये.

मुळावर घाव :— गाजरगवत उगवल्यापासून सुमारें महिन्याभरांत फुलतें व एकेका झाडास हजारों बीं धरतें. म्हणून मृगाच्या पावसानंतर तीन आठवड्यांच्या आंत, जमीन ओली असतां, हातमोजे घालून तें मुळासकट उपटावें. न फुललेलें गवत खताच्या खड्ड्यांत घालण्यास हरकत नाहीं. ज्यास याची बाधा होते, अशा घरच्या माणसास वा मजुरास या कामावर लावूं नये. भारतांत १९८४ पासून सोडण्यांत आलेले मेक्सिकन भुंगेरे याचीं पानें खातात, व पडीक जागीं तरोटा वाढविल्यास हें गवत दबतें. मात्र एकट्यानें आपला बांध स्वच्छ करून भागत नाहीं, कारण पराग शेजारच्या बांधावरूनही येतात. शिवारांतील सर्वांनीं एकाच आठवड्यांत हें काम उरकलें, तरच घरोघरच्या शिंका कमी होतील.